मुनियांच्या पायाचा दोरा

नीलव्वा,

सरहद्दीपलीकडं लढणाऱ्यांच्या छावणीत जातोय. आव्वाला सांग, सोलापूरच्या बाजाराला गेलाय.

मुनिया पाखराच्या तीन पिल्लांतल्या दोघांचे पाय पिंजऱ्याच्या पत्र्यावर घसरून फाकलेत. म्या ते जवळ आणून लोकरीच्या दोऱ्यानं बांधलेत. तिसऱ्याची बोटं मुडपलीत, त्याच्या पायाखाली काडेपेटीचा पुठ्ठा दोऱ्यानंच बांधलाय. तो भिजू देऊ नको. राळ्याचे दाणे भिजवून, चुरून चार. खाली अंथरलंय ते अण्णाच्या धोतराचं फडकं हाय, आव्वाच्या नजरंला पडू देऊ नको.

पाय वाढतो, दोरा वाढत न्हाय. कातडीत रुतायला लागला की सोडून सैल बांध. रोज बघ, कंटाळा करू नको.

बंदूकवाले पुन्हा गावात शिरले आणि तुमच्यावर पळायची पाळी आली, तर पिंजरा उचलत बसू नको. आधी तिघांचे दोरे काप, मग दार उघड. उडतील न उडतील, ते त्यांचं त्यांनी बघावं. आव्वा घाई करंल, करू दे.

मागल्या खेपेला ते येऊन गेल्यावर अण्णाला विहिरीतून काढला तेव्हा त्याचे हात बांधलेलेच होते. आपण उशिरा पोचलो.

कात्री पिंजऱ्यावरच ठेवलीय.

शिवशरण