लाल शाई आणि सहावं कलम

२ जून, सोमवार

कलम सहा मंजूर झालं एकदाचं. तीन बैठका गेल्या त्यात. एआय वापराच्या धोरणाची समिती, तिची सचिव मी. म्हणजे लिहायचं मी, चहा सांगायचाही मीच, आणि सही डीन रतिलाल सरांची. गेल्या वर्षी आमच्या देवपूरच्या कॉलेजचं विद्यापीठ झालं. पाटी बदलली, पंखे तेच.

कलम असं — प्रबंधातला मजकूर दुसऱ्यानं लिहिला असेल, यंत्रानं वा माणसानं, तर ते उघड केलंच पाहिजे. लिहून देणारा मार्गदर्शकच निघाला तर दोष त्याचा. विद्यार्थ्याला पुन्हा लिहायची संधी, मार्गदर्शकाची मान्यता रद्द.

कॉम्प्युटरचा भूषण म्हणाला, "मॅडम, एआयच्या धोरणात माणूस कशाला घुसवता?" राहू दे म्हटलं. रतिलाल सरांच्या भाच्याची पीएचडी कुणी लिहिली हे देवपुरात रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. कलम सरांसाठीच घातलंय. त्यांनी न वाचता सही ठोकली. वाचायची सवय असती तर डीन झाले नसते.

४ जून, बुधवार

चव्वेचाळीस अंश. दिवसभर डोकं दुखलं. भूषणनं तपासणीचं सॉफ्टवेअर बसवलं. नवा घोडा घेतल्यासारखा मिरवतोय.

५ जून, गुरुवार

एम.ए.चे लघुप्रबंध त्यात टाकले. यंत्रानं लिहिल्याचा अंदाज चाळीस टक्क्यांच्या वर गेला की चौकशी. माझ्या मराठी विभागातून एकच अडकला, तोही माझ्याच मार्गदर्शनाखालचा. हेमलता. ब्याण्णव टक्के!

ही पोरगी शिरपूरच्या पलीकडची, सातपुड्याच्या पायथ्याची. घरात मोबाइल एक, तोही भावाचा, आणि रेंजसाठी टेकडी चढायची. मोहाच्या झाडाबद्दल बायका काय बोलतात, काय गातात, यावर तिनं लिहिलं. सगळं हातानं, दोनशे पानी वह्यांत. मग टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतलं. माझ्या डोळ्यांदेखत झालंय सगळं. आणि हे डबडं म्हणतं यंत्रानं लिहिलं.

निकाल राखून ठेवला. तिला आश्रमशाळेत नोकरी लागलीय. वीस तारखेपर्यंत गुणपत्रक किंवा विद्यापीठाचं पत्र दिलं नाही तर जागा दुसऱ्याला जाणार. फोनवर रडली नाही. "बरं मॅडम" एवढंच.

६ जून, शुक्रवार

भूषणशी वाजलं. म्हणतो, "मॅडम, वाक्यं फार गुळगुळीत आहेत. एकही चूक नाही. पायथ्याची मुलगी असं लिहिते का?" तोंडावर सुनावलं त्याला — लिहिते, कारण मी शिकवलंय. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांच्या मराठीला पुण्याचे परीक्षकही नावं ठेवत नाहीत.

त्याला काय सांगू. मी एरंडोलची. एफ.वाय.ला वर्गात उभी राहून 'आहे'ऐवजी घरच्या अहिराणीतलं 'शे' म्हटलं होतं. अख्खा वर्ग हसला, सरसुद्धा. त्या दिवसापासून आईशीसुद्धा घरात पुस्तकी बोलायला लागले. आई म्हणायची, साहेबीण व्हयनी मनी पोर. माझ्या विद्यार्थ्यांवर कुणी हसायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. हसूही देत नाही.

हेमलताला निरोप दिला. वह्या घेऊन ये. वह्या हाच पुरावा. रतिलाल सरांच्या टेबलावर आपटते.

९ जून, सोमवार

वह्या आल्या. पाच. फडक्यात बांधून आणल्या पोरीनं. घरी येऊन उघडल्या.

पान एक. तिच्या निळ्या अक्षरात — महूना झाडले आमनी आजी माय म्हनस. ते बठ्ठासनं पोट भरस.

त्यावर माझी लाल काट. वर माझं अक्षर — मोहवृक्षाप्रति माहितीदात्रीच्या मनात मातृभाव आढळतो. तो सामुदायिक उपजीविकेचा आधार होय.

पान दोन तसंच. पान दहा तसंच. तिसऱ्या वहीत निळं शोधावं लागतं. पाचवीत तिनं निळं लिहायचंच सोडलंय, जागा सोडलीय नुसती, समासात लिहून — "मॅडम, इथे तुम्ही सांगाल ते."

होय, अहिराणी प्रबंधात नको म्हणून खोडलं. 'माय' खोडलं मी. मातृभाव लिहिलं. आढळतो म्हणे!

या वह्या टेबलावर ठेवल्या की पोरगी सुटते. आणि कलम सहा माझ्या गळ्यात. निवृत्तीला दोन वर्षं. रतिलाल सरांचं ते हसू आत्ताच दिसतंय मला.

१० जून, मंगळवार

वह्या कपाटात ठेवल्या. कुलूप लावलं.

११ जून, बुधवार

दुसरा मार्ग शोधत होते. टक्क्यांवर शंका काढायची, सॉफ्टवेअरला मराठी कळत नाही म्हणायचं. टिपण केलं. छान उतरलं. माझं काय छान उतरत नाही.

१२ जून, गुरुवार

सुनावणी. हेमलता आली, सोबत आजी, चमेलीबाई. आजीला बाहेर बाकावर बसवलं. नियम.

मी टिपण वाचलं. रतिलाल सरांनी जांभई दिली. मग प्रबंध उघडून तिला विचारलं, "बाई, मातृभाव म्हणजे काय? सामुदायिक उपजीविका म्हणजे काय?"

तिनं प्रबंधाचं पान आपल्याकडं ओढून बघितलं.

"बघा. स्वतःच्या शब्दांचा अर्थ सांगता येत नाही. हे लिहिलं कुणी?"

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी पेनाचं टोपण बघत होते. तिला माहीत होतं, वह्या माझ्याकडं आहेत. एक शब्द बोलली असती तर सुटली असती. म्हणाली, "मीच लिहिलं, सर."

भूषणनं मान खाली घातली. सर म्हणाले, सोमवारी निर्णय, प्रबंध रद्दच समजा. मी इतिवृत्तात लिहून घेतलं. सचिव ना मी. अक्षरही बिघडलं नाही.

बाहेर आजीनं माझा हात धरला. खरखरीत हात. मोहाच्या फुलांची पुरचुंडी दिली, वाळवलेली. म्हणाली, "मनी नात खोटं नही बोलस, बाई."

आज बोलली होती. माझ्यासाठी. काय सांगणार होते मी आजीला. पुरचुंडी घेतली आणि निर्लज्जासारखं "या हं" म्हटलं.

१३ जून, शुक्रवार

रजा टाकली. जेवण गेलं नाही. रतिलाल सर निदान भाच्याच्या सांगण्यावरून लिहितात. त्याला हवं असतं ते. या पोरीनं माझ्याकडं काय मागितलं होतं? मी दोन वर्षं तिच्या आजीचं तोंड दाबून धरलं आणि त्याला मार्गदर्शन म्हटलं. त्या डबड्याला शिव्या देते मी!

१५ जून, रविवार

कुलूप काढलं. वह्या परत वाचल्या. नुसतं निळं वाचलं, खोडलेलं. लाल सोडून. किती चांगलं लिहिलं होतं.

१६ जून, सोमवार

वह्या टेबलावर ठेवल्या. लेखी दिलं — मजकूर मार्गदर्शिकेचा, कलम सहा लावावं. सर हसले, मग कलम पहिल्यांदा वाचलं आणि हसायचे थांबले. हेमलताला पुन्हा लिहायची संधी. आश्रमशाळेला तसं पत्र आजच गेलं. माझी मान्यता गेली.

भूषण जिन्यात म्हणाला, "सॉरी मॅडम, मशीन चुकलं."

नाही रे. पोरीनं लिहिलेलं नाही, एवढं त्याला बरोबर कळलं होतं.