ठकूमावशीचा नारू

लोणावळे, मंगळवार, २६ एप्रिल १९२७

आज कार्ल्यात ठकूमावशीच्या पायातला नारू निघाला. अखंड निघाला.

मी त्या गावात शुभवर्तमान सांगायला जाते, पण मावशीला ते ऐकायचंच नव्हतं. "तुजा देव तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. आदी माजा पाय बग," म्हणाली होती. म्हणून रोज जखम धुवायची आणि दोऱ्यासारखा तो किडा काडीवर थोडासा गुंडाळायचा, एवढंच करत आले. ओढताना तुटला तर पाय सुजून सडतो.

आज तो मध्येच अडकला. काडी फिरेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रभो, तुटू देऊ नकोस."

"काय पुटपुटलीस गं?"

"प्रार्थना केली, मावशी."

"मंग आनखी कर. पर हात हलवू नगंस."

केली. काडी फिरली.

घरी येताना लक्षात आलं, माझा दानिएल तापाने गेला त्या दिवसापासून मी प्रार्थनेत नुसते शब्द म्हणत होते. लेकराचा जीव मागितला, तो मिळाला नाही. त्यानंतर देवाजवळ काही मागितलंच नव्हतं. आणि आज मागितलं, तेही एका म्हातारीच्या पायासाठी! हे कसं झालं?

रविवारी चर्चचे पाळकसाहेब विचारतील, कार्ल्यात कुणी ख्रिस्ती विश्वासात आलं का. मावशी नाही आली. मी मात्र विश्वासात परत आले, हे त्यांना सांगता येईल का मला?