हायडेलबर्गचा कावळा

शारजा, ऑक्टोबर २००१

सुलूताई,

हे पत्र टाकायची हिंमत नाही, तरी लिहितो. आपल्या अण्णांच्या दहाव्याला तीन तास कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा करावा लागला, असं तू फोनवर रडत सांगितलंस. आई अजून माझ्या साहेबाला शिव्या देते, "मेल्याने पोराचा पासपोर्ट दाबून ठेवला."

ताई, साहेबाने पासपोर्ट माझ्या हातात दिला होता. म्हणाला, "दिगू, वडील गेलेत, घरी जा. तिकीट मी काढतो. जर्मनीला दुसरा मेकॅनिक नेतो." मीच नको म्हटलं. जुनी इंजिनं बघायला जायचं होतं, व्हिसा लागला होता. मला परत कोण नेणार जर्मनीला?

दहाव्या दिवशी रविवार पडला. काम बंद, म्हणून साहेबाने हायडेलबर्ग दाखवलं. वर लाल दगडाचा पडका किल्ला, खाली नदीवर जुना पूल. मी पुलावर पाव खात उभा होतो, साहेब फोटो काढत होता. एक कावळा येऊन कठड्यावर माझ्या हाताशी बसला आणि पावाकडे बघत राहिला.

साहेब हसला, "अरे, दे की त्याला तुकडा."

मला दिवस माहीत होता, ताई. तरी फोटोत नको म्हणून मी त्याला हुश करून हाकललं.

तुझा खोटारडा भाऊ,
दिगू