एकोणीस भोकांची चाळणी

१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पिल्लूचा खोकला थांबला का? मी बरी आहे. खिडकीची काच अजून बसवलेली नाही, पुठ्ठा लावून भागवते. तू विणलेला स्वेटर कोपरात ताणतो, तरी ऑफिसात रोज तोच घालते.

काल आमच्या संस्थेत समारंभ झाला. भाऊजी व्याख्यानांच्या दौऱ्यावर, म्हणून दारात त्यांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत : ‘एकोणीस नवे भडकणारे जोडतारे. माणसाचा हात न लागता सापडलेले.’ पाण्याच्या बाटलीवर लिहितात तसं. केक कापला. संचालकांनी क्रीम लागलेल्या बोटांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “तुमचे भाऊजी म्हणजे डोकं आहे हं.” मी नळाखाली दोनदा हात धुतला.

तुला हे काम नवीन नाही, सहा वर्षांपूर्वी तूही हेच करायचीस, पण आज मला सगळं ओळीने लिहायचं आहे. दुर्बीण रोज आकाशाचे फोटो काढते. प्रोग्राम नव्या फोटोतून जुना वजा करतो, मागे टिंबं उरतात. ती प्रोग्राममधल्याच नियमांच्या चाळणीतून जातात. उपग्रहाच्या रेघा, ठळक ताऱ्यांची झगमग वरच अडकते आणि कचऱ्यात जाते. खाली पडतात त्यांत आपले जोडतारे. एक छोटा, जड तारा जोडीदाराचा वायू ओढत राहतो, भोवती साठवतो, आणि केव्हातरी तो साठा भडकतो. थोड्याच दिवसांत पुन्हा मिणमिण. तेवढ्यात दिसला तर दिसला.

भाऊजींनी या शोधावरच्या शोधनिबंधातला प्रोग्रामचा भाग मला लिहायला सांगितला, म्हणून मी चाळणी उघडली. ठळक ताऱ्याच्या जवळचं काहीही घ्यायचं नाही, असा नियम आहे. गेल्या महिन्यात त्याला अपवाद जोडले आहेत. बरोबर एकोणीस, प्रत्येक एका टिंबापुरता. चाळणीला भोकं असतातच गं, पण ही आधी दाणा हातात धरून त्याच्या मापाने पाडलेली आहेत.

दाणे कुणी वेचले हे कळायला मला वेळ लागला नाही. सप्टेंबरात तूच फोनवर म्हणाली होतीस, “आमचे हे कचऱ्यातले फोटो घरी आणतात ना, तेवढाच माझा विरंगुळा. पिल्लू झोपला की बघत बसते. एका झगमगत्या ताऱ्याला अगदी खेटून एक टिंब मिचमिचतंय, खूण करून ठेवलीय बघ.” ते टिंब त्या एकोणिसांत आहे. ऑफिसात परत आलेल्या त्या फोटोंत बाकीच्या अठरांवरही तुझ्याच खुणा आहेत. पुसायचे कष्टसुद्धा त्यांनी घेतले नाहीत.

मला शिसारी आली. बायकोचं काम स्वतःच्या नावावर केलं असतं, तर भांडता तरी आलं असतं. यांनी ते यंत्राच्या नावावर केलं आणि वर यंत्राचे बाप म्हणून हार घालून घेतले.

आणि जानेवारीत तुझा इथल्या नोकरीचा अर्ज परत आला, त्यावर शेरा काय होता? ‘सहा वर्षांत काहीही काम नाही.’ त्या समितीत भाऊजी होते. “घरचं माणूस, म्हणून मी तोंड उघडलं नाही,” असं तेच तुला म्हणाले, आणि तुला त्यात त्यांचा सरळपणा दिसला. मला त्या सरळपणाची किळस येते. दर रविवारी त्यांच्या पंक्तीला बसून मी हसत जेवले, त्याचीही येते.

तू म्हणशील, घरातलंच आहे, नावाचं काय घेऊन बसलीस. म्हणूनच फोन केला नाही. तू नको म्हणाली असतीस आणि मी नेहमीसारखं ऐकलं असतं.

आज सकाळी मी निबंधाच्या सगळ्या सहलेखकांना ते अपवाद आणि तुझ्या खुणांचे फोटो पाठवले. माझं नाव काढा आणि ताईचं घाला, असं लिहिलं.

भाऊजी रविवारी परततील. दार तूच उघडशील, म्हणून हे पत्र आधी पोचायला हवं. माझी खोली थंड आहे, पण खाट रुंद आहे. पिल्लू मधे झोपेल.

सहलेखकांपैकी एका बाईंचं उत्तर लगेच आलं. तुझ्याबद्दल एकच ओळ : “या कुठे काम करतात?”

मी काही लिहिलेलं नाही. त्यांचा पत्ता सोबत जोडते आहे. उत्तर तू दे.

तुझीच,
तुला न विचारता वागलेली
धाकटी