हॅमोच्या खोकल्यावर भरवसा ठेवून केलेली व्यवस्था

देव, त्याची आई आणि स्वर्गातली झाडून सगळी संतमंडळी यांना साक्षी ठेवून मी, गॉडफ्री, थॉर्नवेल गावचा घंटा ओतणारा, हे लिहवून ठेवत आहे. शरीर संपत आलं आहे. छातीत भट्टीचा धूर बसला आहे आणि उरलेसुरले केस तांब्याच्या वाफेनं हिरवट पडले आहेत. बुद्धी मात्र शाबूत आहे. कोणाला शंका असेल त्यानं समोर येऊन बसावं, दोन वाक्यांत खात्री पटवीन. लिहिणारे आमचे पाद्री ऑसबर्ट आहेत. मी सांगेन तेच लिहिण्याची त्यांनी शपथ घेतली आहे. घेताना तोंड आंबट झालं होतं.

आत्मा मी देवाच्या हवाली करतो. त्यानंच दिलेला आहे. वापरून जरा काळा झाला आहे, एवढं त्यानं समजून घ्यावं.

देह संत बोटोल्फच्या आवारात, दक्षिणेच्या बाजूला, माझी बायको अलीना हिच्या शेजारी पुरावा. उत्तरेच्या सावलीत जागा रिकामी आहे आणि स्वस्त आहे, असं कोणी सुचवेल. तिथे जीव दिलेल्यांना आणि वाटसरूंना पुरतात. मी दोन्ही नाही.

माझा सगळ्यांत चांगला झगा रिवाजाप्रमाणे चर्चला, म्हणजे पाद्री ऑसबर्ट यांना द्यावा. (एवढं वाक्य लिहिताना त्यांचा हात फारच चपळ चालला.) दुसरा झगा कोपरावर जळलेला आहे. तो प्रेतामागून मेणबत्ती धरून चालणाऱ्या गरिबांपैकी सगळ्यांत लांब हाताच्या माणसाला द्यावा.

प्रेत निघेल तेव्हा मनोऱ्यातली मधली घंटा वाजवावी. मोठी वाजवू नये. मधली मी ओतलेली आहे, मोठी हॅमोनं. गावात घंटा ओतणारे आम्ही दोघेच. माझी घंटा वर चढवली त्या दिवशी हा हॅमो गर्दीतून पुढे आला, तिच्यावर नख वाजवलं, डोळे मिटून कान लावला, आणि सगळ्या गावादेखत म्हणाला, “छान जमलंय रे, गॉडफ्री. पण एवढ्या मोठ्या पातेल्यात शिजवणार काय?” गाव हसलं. माझी बायकोसुद्धा हसली. तेव्हापासून मी हॅमोशी बोललो नाही. चर्चमध्ये त्याचं तोंड दिसू नये म्हणून खांबाआड उभा राहत आलो. त्यापायी इतकी वर्षं मला वेदीही दिसली नाही.

हाच हॅमो आता माझा जावई आहे. कसा, ते सांगितल्याशिवाय पुढच्या कलमाचा अर्थ लागणार नाही.

मला एकच मूल, इडोनी. वय सव्वीस. माती, घोड्याची लीद आणि शेळीचे केस मळून घंटेचा साचा घालावा तो तिनंच. गेल्या पाच-सहा वर्षांत माझ्या नावावर वाजणाऱ्या घंटा तिच्या आहेत, हे गावाला ठाऊक आहे. फक्त कोणी म्हणत नाही. पण आमच्या ओतारी-तांबटांच्या पंचायतीचा नियम असा, की मुलीला भट्टी मिळत नाही. उस्ताद मेला आणि मुलगा किंवा उस्ताद जावई नसला, तर भट्टी पंचायतीच्या हातात जाते. फक्त उस्तादाच्या विधवेला ती चालवता येते, जन्मभर, पुन्हा लग्न केलं नाही तर. म्हणजे बाईनं नवरा पुरल्याशिवाय तिला अक्कल आली असं पंच मानत नाहीत.

पंचायतीचा मुख्य फल्क तांबट. भांडी ठोकतो. ऑक्टोबरच्या अखेरीस माझा खोकला रस्त्यापर्यंत ऐकू जायला लागला, तसा समाचाराला आला. येताना पातेलं आणलं.

“गॉडफ्रीदादा, पोरीचं काय ठरवलंत?”

“तू विचारतोयस म्हणजे तूच काहीतरी ठरवलेलं दिसतंय.”

“तसं नाही. पण आधार नको का तिला?”

“तुझा आधार तीन बायकांनी घेतला, फल्क. तिघी आवारात आडव्या आहेत.”

“देवाची मर्जी, दादा.”

“आणि माझे साचे?”

“साचे फोडू. घंटा काय रोज लागते का कोणाला? भांडं रोज लागतं.”

तो गेल्यावर इडोनीनं ते पातेलं कोंबड्यांना पाणी ठेवायला नेलं. ते पातेलं मी या मृत्युपत्रान्वये फल्कला परत देतो. कोंबड्यांनी वापरल्याच्या खुणांसकट द्यावे, घासू नये.

त्याच रात्री मला नियमातलं ते विधवेचं कलम आठवत राहिलं. इडोनीला भट्टी मिळायची तर तिनं आधी उस्तादाची विधवा व्हायला हवं. त्यासाठी लवकर मरणारा उस्ताद हवा. असा गावात माझ्याशिवाय एकच होता.

हॅमोचं घर ओढ्यापलीकडे. बायको केव्हाच गेलेली, मूलबाळ नाही, भट्टी दहा महिने गार. माती वाहायच्या हातगाडीत घालून इडोनीनं मला तिथे नेलं. दारात गाडी थांबवून मी आधी त्याचा खोकला ऐकला. आमच्या धंद्यात सगळं कानावर. घंटेला तडा गेला की तो डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतो. हॅमोच्या खोकल्यात तडा होता, ओठापासून कमरेपर्यंत. मनात म्हटलं, हा नाताळच्या जेवणातला हंस खायला काही उरत नाही.

“कोण आहे?” आतून आवाज आला.

“पातेलंवाला.”

आधी खोकला. मग, “मेला नाहीस अजून?”

“तू आधी जातोस का ते बघायला आलो.”

आत गेलो. घरात अन्नाचा वास नव्हता. सगळं सांगितलं. तो हसला, हसता हसता खोकला, आणि खोकून झाल्यावर म्हणाला, “इतक्या वर्षांनी आलास तो मला मारायला?”

“मारायला कशाला? मरतोच आहेस. जाता जाता लग्न कर म्हणतोय.”

“मला काय मिळणार त्यात?”

“कोणीतरी तुझे डोळे मिटेल. नाहीतर कोण मिटणार? मांजर?”

इडोनी दाराला टेकून उभी होती. म्हणाली, “बाबा, तुम्ही मला विधवा करायला निघालात. आधी नवरी तर करा.” मग त्याच्याकडे वळून, “हॅमोकाका, मला भट्टी हवी आहे. तुम्ही नकोत. आत्ताच सांगितलेलं बरं.”

“मी कोणालाच नको होतो गं,” हॅमो म्हणाला. “पण इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं. चालेल.”

पण चर्चमध्ये तीन रविवार ‘कोणाची हरकत आहे का’ असा पुकारा झाल्याशिवाय लग्न लागत नाही, आणि नाताळआधीचं व्रत लागलं की जानेवारीच्या मध्यापर्यंत लग्नं बंद. म्हणजे आम्हा दोघांनाही नोव्हेंबर काढायचा होता. मी आधी मेलो तर भट्टी फल्कची, हॅमो आधी मेला तरी फल्कचीच. ओढ्याच्या दोन काठांवर दोन म्हातारे एकमेकांचा खोकला मोजत पडलो होतो. इडोनी सकाळी मला विचारायची, कसं आहे, आणि संध्याकाळी त्याला.

दुसऱ्या पुकाऱ्याला फल्क उठून ओरडला, “नवऱ्याला उभंसुद्धा राहता येत नाही!” पाद्री ऑसबर्ट म्हणाले, “लग्नाला होकार लागतो, फल्क. पाय लागत नाहीत.” या एका वाक्यासाठी मी त्यांना झग्याखेरीज माझी मधाची बरणीही देतो.

तिसऱ्या पुकाऱ्यानंतर, या सोमवारी, चर्चच्या दारात लग्न लागलं. नवरा त्याच हातगाडीतून आला. होकार मात्र खणखणीत दिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

हॅमोला आमच्या घरी आणलं. तो खालच्या खोलीत, मी वरच्या. इडोनी त्याला सातूची पेज देते, कांदा घालून. छातीला हंसाची चरबी चोळते. मी तिला वर बोलावलं.

“काय चाललंय हे?”

“काय?”

“पेज.”

“नवरा आहे, बाबा. उपाशी मारू?”

ती पेजेचं भांडं घेऊन खाली गेली. मी जमिनीच्या फटीतून ऐकत राहिलो. मंगळवारी खोकल्यात तडा होता. बुधवारी बारीक झाला. गुरुवारी रात्री तो खोकलाच नाही. मला वाटलं झालं, आणि देव मला क्षमा करो, मी क्रूसाची खूण केली. सकाळी खालून आवाज आला, “पोरी, हेरिंग मासा आहे का घरात?”

घंटेला गेलेला तडा कधी भरून येत नाही. फोडायची, वितळवायची, नव्यानं ओतायची, दुसरा उपाय नाही. जन्मभर तेच केल्यामुळे माणसाचा तडाही भरत नाही असं मी धरून चाललो. दहा महिने त्याची भट्टी गार होती. धूर छातीतून निघून गेला होता. उरली होती ती उपासमार, आणि उपासमारीवर माझ्या मुलीकडे औषध होतं.

काल कबुलीजबाब घेताना पाद्रींनी विचारलं, “गॉडफ्री, कोणाचं वाईट चिंततोस का?”

“परक्या कोणाचं नाही.”

“हॅमोचं?”

“तो घरातला आहे.”

“त्याच्या प्रकृतीसाठी प्रार्थना कर. नाहीतर मी पापमुक्ती देणार नाही.”

केली. ओठांनी केली. आता व्यवहाराचं बोलतो.

माझं घर, भट्टी, ओतायचा खड्डा, घंटेचा आकार कापायच्या लाकडी फळ्या, अक्षरांचे ठसे आणि शिल्लक तांबं-कथील हे सर्व नियमाप्रमाणे माझा जावई हॅमो याला मिळावे, आणि त्याच्यामागे त्याची विधवा इडोनी हिला. मात्र अट अशी: फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण येतो त्याआधी हॅमोनं ही भट्टी पेटवून एक घंटा ओतावी, आणि पुढेही प्रत्येक ओताला, नियमाप्रमाणे उस्तादानं उभं राहायचं असतं तिथे, खड्ड्याच्या काठावर उभं राहावं. तसे न केल्यास सर्व मालमत्ता विकून पैसा गरिबांना वाटावा.

पाद्रींनी लेखणी खाली ठेवली. “हे कलम नाही, गॉडफ्री. धुरात घालून माणूस मारणं आहे हे.”

“त्याला कोणी बांधून ठेवणार नाही.”

इडोनी जिन्यात उभी होती, मला दिसली नव्हती. आत येऊन म्हणाली, “म्हणजे त्यांनी धूर खाऊन मरायचं, नाहीतर मी रस्त्यावर यायचं. छान मृत्युपत्र आहे, बाबा. खोडा ते.”

“तुला भट्टी हवी होती.”

“हवी आहे. खोडा.”

“तो वीस वर्षं खाली बसून हेरिंग खाईल. भट्टीत कोंबड्या अंडी घालतील. उस्ताद उभा नसेल तर तुला ओतता येणार नाही, आणि तो मरत नाही तोवर तू विधवा नाहीस. मग तू साचे कोणासाठी घालणार?”

तेवढ्यात जिना वाजला. एकेक पायरी, मधे थांबून. हॅमो वर आला. स्वतःच्या पायांनी. दाराची चौकट धरून धापा टाकत उभा राहिला आणि म्हणाला, “जमिनीला फटी आहेत, सासरेबुवा. वरचंही खाली ऐकू येतं.”

“मग ऐकलंस.”

“ऐकलं. चांगलं कलम आहे.”

“हॅमोकाका, ते खोडायचंय,” इडोनी म्हणाली.

“काका काय म्हणतेस? नवरा आहे मी.” मग तो माझ्या बिछान्याच्या कडेवर बसला. इतक्या जवळून मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याचेही केस हिरवट आहेत. “दहा महिने गार भट्टीसमोर बसलो, गॉडफ्री. खोकला कमी झाला. दुसरं काहीच झालं नाही.”

“पेज खाऊन जगशील की.”

“जगेन. म्हणून तर म्हणतो, आत्ताच लिहून घ्या. उद्या सकाळी मला आणखी बरं वाटेल आणि मी विचार बदलेन.”

“मी नाही तुम्हाला धुरात उभं करणार,” इडोनी म्हणाली.

“तू कोण करणारी? उस्ताद मी आहे. मी सांगेन तिथे तू उभी राहायचंस.” आणि माझ्याकडे वळून, “तुझ्यावर गेलीय. कान चांगला, तोंड वाईट.”

मी पाद्रींना म्हटलं, लिहा. त्यांनी माझ्याकडे नाही, हॅमोकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. कलम वर आहे तसं राहिलं.

या इच्छा अमलात आणायचं काम मी पाद्री ऑसबर्ट यांच्यावर सोपवतो. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली केलेलं नाही. दडपण असलंच तर ते माझं इतरांवर आहे.

गॉडफ्री, घंटा ओतणारा. लिहून देणार. खूण वाकडी आली आहे, दोनदा करावी लागली.

साक्षीदार: पाद्री ऑसबर्ट, संत बोटोल्फ चर्च. स्वतःच्या हस्ताक्षरात.

साक्षीदार: हॅमो, घंटा ओतणारा, जावई. ओताऱ्याची खूण, घंटा आणि वर क्रूस. रेघ कुठेही हललेली नाही.

तिसरी साक्ष इडोनीची घ्यायची होती. ती म्हणाली, “या कागदावर दोन मरणं आहेत, बाबा. मी एकालाच कबूल झाले होते.” तिनं खूण केली नाही. पण ती खालीही गेली नाही. शाई वाळेपर्यंत कागद दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

मुक्काम थॉर्नवेल, नाताळआधीचं व्रत लागण्याच्या आदला दिवस, शनिवार, सन चौदाशे एकतीस.