कडी मी लावली होती

मी, खाली अंगठा उठवणारी, धंदा शिवणकाम, वय अठ्ठ्याहत्तर (मुलाच्या मते ऐंशी, त्याला घाई आहे), पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भिडेला न पडता ही माझी शेवटची इच्छा सांगते. अक्षर नातीचं, शब्द माझे.

१. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मं-निम्मं. मागच्या खोल्या मुलाला, कारण त्याला झोप प्रिय. पुढचं दुकान मुलीला. मुलाने कपाळाला आठ्या घालू नयेत.

२. शिलाई मशीन सुनेला. तिची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. हे तिला माझ्या माघारीच कळावं, नाहीतर ती मला मशीनला हात लावू देणार नाही.

३. धाकट्या जावेने नेलेली मोठी कात्री तिच्याकडेच राहू द्यावी. परत करायला आली तर घेऊ नये. तेवढी बोच तिला असू दे.

४. मला आकडे वाचता येत नाहीत, म्हणून गिऱ्हाइकाचं माप मी दोरीला गाठी मारून ठेवत असे: पहिली गाठ खांद्याची, दुसरी छातीची, तिसरी कमरेची. खुंटीवरच्या दोऱ्या फेकून द्याव्यात. निम्मी गिऱ्हाइकं वर गेली, उरलेली अंगाने सुटली आहेत. लाल दोरी मुलीची, ती एकोणीस वर्षांची असतानाची. त्या मापाने मी दरसाल एक ब्लाऊज शिवला. सव्वीस झाले, ट्रंकेत आहेत. तिला आता होणार नाहीत हे मला कळतं, मी शिंपीण आहे. म्हणून प्रत्येकाच्या शिवणीत आतून दोन-दोन बोटं माया सोडली आहे. उसवून वाढवता येतील.

५. हे कलम मी सकाळपासून टाळते आहे. मुलीने स्वतःच्या पसंतीने एका रंगाऱ्याशी लग्न केलं. आठव्या दिवशी भर दुपारी दोघं दारात आली. मी बेतायच्या टेबलावरून उठले आणि कडी लावली. आमचे हे म्हणाले, "अगं, उघड. पोर उन्हात उभी आहे." मी म्हटलं, "तुम्ही मधे पडू नका." ते पडले नाहीत. पुढे मी सगळ्यांना सांगत राहिले की ह्यांनीच दार उघडू दिलं नाही. ते खाली मान घालून काजं करत ऐकायचे. मुलीलाही तेच कळलं. म्हणून बाप गेला तेव्हा ती आली नाही.

लोक म्हणतात, नशीब. नशिबाला कडी लावायला हात असतात का? उघडणं आणि न उघडणं, मला दोन्ही येत होतं. ती किती वेळ थांबली तेही सांगते: मी दोन बाह्या बेतल्या, तोवर. दोन्ही डाव्या निघाल्या.

६. इथे नात लिहायची थांबली. म्हणाली, "आजी, आत्याला हे तू गेल्यावर कळणार?"

"मृत्युपत्र आहे गं, लग्नपत्रिका नाही."

"मग तिने भांडायचं कोणाशी? तू तर नसशील."

पोरगी माझ्यावर गेली आहे. तेव्हा याची एक नक्कल नातीने उद्याच आत्याच्या हातात द्यावी. पत्ता नातीकडे आहे. मला ते माहीत नाही असं तिला वाटतं. मुलीने यावं अशी अट नाही. दुकान ती आली तरी तिचं, न आली तरी तिचंच. नाही आली तर तिला कोणी बोल लावू नये. तिचं तिने ठरवलं. आली तर तिला हवं ते बोलू द्यावं, मधे कोणी पाणी आणू नये. मी बहिरेपणाचं सोंग करणार नाही.

वरील मजकूर दोनदा वाचून घेतला. पाचव्या कलमात कडीच्या आधी नातीने 'रागाच्या भरात' असे दोन शब्द आपल्या मनाने घातले होते. ते मी खोडायला लावले. खाडाखोडीवरही अंगठा माझाच.

साक्षीदार:
शेजारचा इस्त्रीवाला (सही)
समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही, कोणालाच वाचता येत नाही)

स्थळ: दुकान
दिनांक: चौदा, बुधवार

डाव्या हाताचा अंगठा