शेव नसलेले पोहे

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या भुरी कुत्रीचं हृदय वाढलंय. डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलं; उकडलेलं चिकन, दुधी, भात. आठवडाभर पाळलं, तरी धाप कमी होईना. आज सकाळी कळलं. बाबा आपल्या पोह्यांवरची शेव तिला भरवत होते.

"बाबा, शेवेत मीठ असतं!"

"अरे, चिमूटभर तर देतो. असं फीकं, अळणी कसं खाईल बिचारी? इंदौरची आहे ती."

मी ओरडलो. अकरा वर्षांची सवय त्यांची, तिचीही. इतकं ओरडायला हवं होतं का?

संध्याकाळी पुन्हा पोहे. बाबांनी शेवेचा डबा उघडलाच नाही. स्वतःसाठीही नाही. भुरी पायाशी वाट पाहत बसलेली. शेवटी त्यांनी रिकामा तळहात तिच्यापुढे धरला.

तिने तो चाटला. बराच वेळ.